लाल पिशवीतली इन्सुलिन सिरिंज

आधी एवढं सांगते की यातल्या दोघींना विचारून हे लिहितेय. नावं देणार नाही, वॉर्ड नंबर नाही, कॉलेजचं नाव तर नाहीच. नवी मुंबईतला एक मेडिकल कॅम्पस आहे एवढं पुरे, हॉस्पिटल, मेडिकल कॉलेज, नर्सिंग कॉलेज आणि हॉस्टेल सगळं एकाच गेटच्या आत. मी तिथे इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, म्हणजे कोणाला सुई टोचली, कुठल्या वॉर्डात कचरा चुकीच्या पिशवीत गेला, त्याचं रजिस्टर माझ्याकडे असतं. सुई टोचण्याच्या केसेस येत असतात. ही मात्र मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण यात एकच सुई दोघींना टोचली, साधारण तेरा तासांच्या अंतराने, आणि पहिलीने तेव्हाच सांगितलं असतं तर दुसरीला टोचलीच नसती. पहिलीने का नाही सांगितलं हे शोधताना जे सापडलं ते आमच्या सगळ्या कॅम्पसबद्दल आहे, त्या एका मुलीबद्दल नाही.

रात्रीपासून सुरू करते, कारण आम्हाला प्रकरण तिथूनच कळलं.

मावशी कॉन्ट्रॅक्टवरच्या हाउसकीपिंगमधल्या, चाळिशीच्या, दिघ्याला राहतात. ट्रान्स हार्बरच्या लोकलने येतात, २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यापासून त्यांचा ऐरोलीपर्यंतचा रिक्षाचा खर्च वाचला असं त्या नेहमी सांगतात. रात्रपाळी आठ ते आठ. त्या रात्री त्या चौथ्या मजल्यावर मेल मेडिसिन वॉर्डला होत्या. संध्याकाळी कचरा न्यायची लिफ्ट बंद पडलेली, त्यामुळे दुपारची लाल पिशवी, म्हणजे प्लॅस्टिकच्या कचऱ्याची, तशीच डर्टी युटिलिटीत, वॉर्डातल्या कचऱ्याच्या खोलीत, पडून होती आणि त्यातच रात्रीचा कचरा पडत राहिला. पिशवी पाऊण भरली की बांधायची असते, ही गच्च भरली होती. अडीचच्या सुमारास मावशी ती बांधायला गेल्या, तोंड जुळेना म्हणून हाताने दाबली, आणि डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटात सुई गेली. हातात साधे तपासणीचे पातळ ग्लोव्हज. कचरा हाताळायचे जाड रबरी हातमोजे असतात, ते स्टोअरमधे होते, मजल्यावर नव्हते.

मावशींनी काय केलं, तर बोट पिळून पिळून रक्त काढलं आणि वर स्पिरिट ओतलं. आपल्याकडे दहातले नऊ जण हेच करतात, डॉक्टरसुद्धा. पिळायचं नसतं. तोंडात घालायचं नसतं. स्पिरिट, डेटॉल, ब्लीच काही लावायचं नसतं. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बस. हे वाक्य प्रत्येक बेसिनवर चिकटवलेलं आहे पण ते इंग्रजीत होतं, आणि मावशी मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या.

मग वॉर्डातल्या सिस्टरला सांगितलं. सिस्टर एकटी, अडतीस पेशंट, त्यातला एक गॅस्पिंग, म्हणजे शेवटचे श्वास घेणारा. ती म्हणाली, "मावशी तुम्ही लगेच कॅज्युअल्टीला जा, माझं नाव सांगा." बरोबरच सांगितलं तिने. मावशी खाली गेल्या. तिथे विचारलं, स्टाफ का? कॉन्ट्रॅक्ट म्हटल्यावर केसपेपर काढून आणा. केसपेपरच्या खिडकीवर म्हणाले पैसे भरा नाहीतर सुपरवायझरचं लेटर आणा. सुपरवायझरचा फोन बंद. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसच्या माणसाने फोन उचलला आणि सांगितलं की सकाळी ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड घेऊन दवाखान्यात जा. पीईपीची गोळी, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून सुई टोचल्यावर देतात ती, त्याच कॅज्युअल्टीच्या कपाटात होती, मावशी उभ्या होत्या तिथून चार पावलांवर. पण तिच्या रजिस्टरमधे एम्प्लॉयी कोड लिहायचा रकाना होता आणि मावशींना कोड नव्हता. ड्युटीवरच्या डॉक्टरला रकाना रिकामा ठेवून गोळी द्यायची भीती वाटली. मावशी परत वर गेल्या आणि बोटाला गॉज गुंडाळून उरलेलं काम करायला लागल्या.

पाचच्या आसपास मेडिसिनची रेसिडेंट डॉक्टर राऊंडला आली, तिला ते गॉज दिसलं. तिने विचारलं, मावशींनी सांगितलं, आणि ती मुलगी हातातलं काम टाकून मावशींना घेऊन स्वतः खाली गेली, रजिस्टरमधे कोडच्या जागी स्वतःचं नाव आणि सही टाकली आणि पाच वीसला पहिला डोस दिला. या सगळ्या प्रकरणात मला ज्या दोन व्यक्तींचा मनापासून अभिमान वाटतो त्यातली ही एक. दुसरीबद्दल पुढे येतंच.

आता पाच वीस म्हणजे टोचल्यापासून जवळजवळ तीन तास. नॅको, म्हणजे केंद्राची एड्स नियंत्रण संस्था, तिच्या सूचनांप्रमाणे पहिला डोस शक्यतो दोन तासांत जायला हवा, आणि ७२ तासांनंतर दिला तर उपयोग धरत नाहीत. सोर्स माहीत नसेल, म्हणजे सुई कोणाला वापरलेली ते कळत नसेल, तरी पहिला डोस अडवायचा नसतो. आधी गोळी, मग चौकशी. गरज नाही असं ठरलं तर दुसऱ्या दिवशी बंद करता येते, गरज आहे ठरलं तर रोज एक अशी २८ दिवस. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली एकच गोळी असते. फार महाग नाही, फार साइड इफेक्ट नाहीत, कपाटात होतीच. अडलं ते रकान्यावर.

सकाळी मी आले तेव्हा मावशी ओपीडीच्या बाकावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सिस्टर, मला एड्स होणार का ते सांगा, मग मी घरी जाते, पोराचा डबा राहिलाय." मी शेजारी बसून आकडा सांगितला, कारण माझा अनुभव असा की उगीच "काही होत नाही" म्हटलं की माणसाला ते खोटं वाटतं. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तिघांना, आणि तीही गोळी घेतली नाही तर. मला जास्त काळजी हिपॅटायटिस बी ची, लिव्हरच्या संसर्गाची, होती. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते, पेशंटच्या रक्तात व्हायरस किती जोरात आहे त्यावर. शिवाय हा व्हायरस वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो, त्यामुळे दुपारची सुई रात्री टोचली म्हणून सुटलो असं नसतं.

मावशींना विचारलं लस घेतलीये का. म्हणाल्या, "एक टोचलंय दंडात, मागच्या सायबांच्या वेळी." मागचे सायेब म्हणजे मागचा कॉन्ट्रॅक्टर. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस लागतात, मावशींचा पहिला झाल्यावर टेंडर बदललं, माणसं तीच राहिली, युनिफॉर्मचा रंग बदलला आणि लसीचं रजिस्टर जुन्या कॉन्ट्रॅक्टरबरोबर गेलं. नव्याच्या यादीत मावशींच्या नावापुढे काहीच नव्हतं. हे एकट्या मावशींचं नाही, त्या वेळच्या बहुतेक सगळ्यांचं तसंच होतं.

मग आम्ही ती पिशवी उघडली. मोठ्या ट्रेमधे, जाड ग्लोव्हज घालून, फोर्सेपने एकेक वस्तू बाजूला करत. आयव्ही सेट, युरिन बॅग, कॅथेटर, ग्लोव्हज, हे सगळं लाल पिशवीतलंच. सुई असलेली एकच वस्तू निघाली, एक इन्सुलिन सिरिंज, टोपण लावलेली, पण सुई टोपणाच्या बाजूने आरपार बाहेर आलेली. इन्सुलिनची सुई इतकी बारीक असते की टोपण तिरकं बसवलं तर ती प्लॅस्टिकमधून पलीकडे निघते. म्हणजे कोणीतरी दोन हातांनी रिकॅप केलं होतं. आणि ज्याने केलं त्याच्या बोटालाही ती बहुतेक लागली असणार, हे मला तेव्हाच वाटलं.

वॉर्डात इन्सुलिनवर सात पेशंट. सातांपैकी कोणाची सुई? सातही जणांना समजावून, समुपदेशकाला बोलावून, संमती घेऊन तपासण्या करायच्या म्हणजे दिवस जाणार होता. संमतीशिवाय एचआयव्हीची टेस्ट करता येत नाही, कायदाच आहे, आणि तो योग्यच आहे.

अकराच्या सुमारास नर्सिंग कॉलेजच्या एक ट्यूटर मॅडम एका मुलीला घेऊन माझ्या खोलीत आल्या. सेकंड इयर, मराठवाड्यातली, हॉस्टेलला राहणारी. रात्रभर झोपली नव्हती हे डोळ्यांवरून कळत होतं. तिच्या रूममेटने तिला सांगितलं होतं की चौथ्या मजल्यावरच्या मावशींना लाल पिशवीतून सुई टोचली. हे ऐकल्यावर ती स्वतः ट्यूटरकडे गेली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, ती माझी सिरिंज आहे. बेड अकरा. मावशींना लवकर कळायला पाहिजे ना कोणाची आहे ते, म्हणून आले."

ही दुसरी व्यक्ती.

झालं होतं असं. दुपारी एकच्या सुमारास जेवणाआधीची इन्सुलिन, स्टुडंट्सकडे दिलेली. वॉर्ड लांब आहे, एका टोकाला नर्सिंग स्टेशन. ट्रॉलीवरचा पांढरा शार्प्स कंटेनर, म्हणजे सुया टाकायचा डबा, गच्च भरलेला, नव्याची मागणी स्टोअरकडे अडकलेली, दुसरा कंटेनर थेट स्टेशनवर. उघडी सुई ट्रेमधे घेऊन एवढं चालत जाणं तिला धोक्याचं वाटलं म्हणून तिने टोपण लावलं. हे लक्षात घ्या, रिकॅप करू नये हे तिला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण चालताना कोणाला लागू नये म्हणून तिने ते केलं आणि तिच्याच तर्जनीला लागलं. मग सिरिंज लाल पिशवीत का टाकली? कारण तिने शिकलेलं, सिरिंजचं प्लॅस्टिक लालमधे आणि सुई कटरने तोडून पांढऱ्यात. नेहमीच्या सिरिंजला हे बरोबर आहे. इन्सुलिन सिरिंजची सुई मात्र सिरिंजलाच पक्की बसवलेली असते, ती वेगळी होत नाही, कटरमधे नीट जातही नाही, म्हणून अख्खी सिरिंजच पांढऱ्या कंटेनरमधे टाकायची असते. आमच्या भिंतीवरच्या रंगीत चार्टमधे हे नव्हतं. चार रंग, चार चित्रं, आणि इन्सुलिन सिरिंजचं चित्रच नाही. दिवसाला सगळ्यात जास्त वापरली जाणारी सिरिंज ती.

हात तिने साबणाने नीट धुतला, ते अगदी बरोबर केलं. आणि मग कोणालाच सांगितलं नाही. रात्रभर मोबाईलवर शोधत बसली, एका ठिकाणी वाचलं काही होत नाही, दुसरीकडे वाचलं सगळं संपलं.

का नाही सांगितलंस, हे मी तिला त्या दिवशी विचारलं नाही. नंतर चार दिवसांनी, चहा घेता घेता विचारलं. तिच्या आधीच्या बॅचमधे एका मुलीला सुई टोचली होती आणि तिने लगेच रिपोर्ट केलं होतं. तिला सगळ्या वर्गासमोर उभं करून सांगितलं गेलं की बघा निष्काळजीपणा केला की काय होतं, मग माफीचं पत्र लिहून घेतलं, आणि घरी फोन गेला. घरचे म्हणाले सोड ते शिक्षण, ये परत. ती मुलगी कशीबशी राहिली. पण हॉस्टेलमधे ही गोष्ट दर वर्षी नव्या मुलींना सांगितली जाते, कुठली मेस चांगली, कुठली वॉर्डन कडक, त्याच यादीत हेही, की सुई टोचली तर गप्प बस. त्यात आमचा रिपोर्टिंगचा फॉर्म. दुसराच प्रश्न होता, घटनेचं कारण, आणि पहिला पर्याय निष्काळजीपणा. खाली विभागप्रमुखांची सही लागायची. म्हणजे वीस वर्षांच्या मुलीने रक्त येणाऱ्या बोटाने विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर उभं राहून लिहून द्यायचं की मी निष्काळजी आहे. कोण सांगेल?

माझं ठाम मत आहे की मावशींना टोचलेली सुई त्या वर्गात तयार झाली, ज्या दिवशी त्या आधीच्या मुलीला उभं केलं त्या दिवशी. मिटिंगमधे हे बोलले तेव्हा काहींना आवडलं नाही, "मग शिस्त लावायचीच नाही का" असं विचारलं गेलं. शिस्त लावा की. ड्युटीला उशीर झाला, लॉगबुक अपूर्ण राहिलं, जरूर बोला. पण सुई टोचल्याची खबर ही शिस्तीची बाब नाही, इमर्जन्सी आहे. हिने एक वाजता सांगितलं असतं तर आम्ही सव्वाला ती सिरिंज उचलून पांढऱ्या कंटेनरमधे टाकली असती.

तर पुन्हा त्या सकाळकडे. बेड अकरा म्हटल्यावर सात पेशंटवरून एकावर आलो. पन्नाशीतले काका, डायबेटिक फूटसाठी ॲडमिट, भले गृहस्थ. समुपदेशकाने शांतपणे सांगितलं की तुमची काही चूक नाही, आमच्या दोन बायकांना सुई लागलीये, तुमचं रक्त तपासलं तर त्यांना योग्य औषध देता येईल. काकांनी लगेच संमती दिली. दुपारपर्यंत रिपोर्ट आले. एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह, हिपॅटायटिस सी निगेटिव्ह, आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे हिपॅटायटिस बी ची लागण. काकांना स्वतःला हे माहीत नव्हतं. त्यामुळे या प्रकरणात तिसरा माणूसही आला, त्यांना वेगळं बसवून समजावणं, लिव्हरच्या पुढच्या तपासण्या, घरच्यांची टेस्ट आणि लस. त्यांच्या सूनबाई गरोदर होत्या, हे कळल्यावर मला खरंच बरं वाटलं की वेळेत कळलं, कारण तिची टेस्ट आणि जन्मल्यावर बाळाला पहिल्या २४ तासांत लस, हे आता कोणी विसरणार नाही.

एचआयव्हीची गोळी मावशींची बंद केली. मुलीला सुरू करायची गरजच पडली नाही. उरला प्रश्न हिपॅटायटिस बी चा.

मुलीचे तीनही डोस झालेले, ॲडमिशनच्या वेळचं सर्टिफिकेट होतं. पण टायटर कधी केलं नव्हतं, म्हणजे लसीने अँटीबॉडी तयार झाल्या का हे कोणी बघितलंच नव्हतं. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करायचं असतं, १० किंवा जास्त आलं की माणूस सुरक्षित. काही जणांना तीन डोस घेऊनही येत नाही, म्हणून तर बघायचं. तिचं रक्त पाठवलं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, दहाच्या पुष्कळ वर. तिला काहीच लागलं नाही. तो एक कागद तिच्या हातात आधी असता तर ती रात्र तिने तशी काढली नसती.

मावशींना मात्र इम्युनोग्लोब्युलिन हवं होतं, तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, आणि त्याबरोबर लस. हे शक्यतो २४ तासांच्या आत द्यायचं, उशीर होईल तसा उपयोग कमी होतो. वजनावर डोस, आणि किंमत हजारांत. आमच्या फार्मसीत स्टॉक नव्हता. बाहेरून आणायचं तर पैसे कोण देणार? कॉन्ट्रॅक्टर म्हणाला आमच्या ॲग्रीमेंटमधे नाही. हॉस्पिटलच्या अकाउंट्सवाल्यांचं म्हणणं, त्या आमच्या पेरोलवर नाहीत. दुपारचे तीन वाजले, मावशी घरी न जाता तिथेच, डबा शेजारणीने दिला म्हणे मुलाला.

तेव्हा मी २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम काढून मेडिकल सुपरिंटेंडेंट सरांसमोर ठेवले. त्यात स्पष्ट आहे की हॉस्पिटलने आपल्या सगळ्या हेल्थकेअर कामगारांना आणि कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही हिपॅटायटिस बी आणि टिटॅनसची लस द्यायची. 'इतरांना' हे तिथे लिहिलेलं आहे. कॉन्ट्रॅक्टरची माणसं तेच तर करतात, कचरा हाताळतात. आणि एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, तो म्हणतो की जिथे असा धोका आहे तिथे काम करणाऱ्या सगळ्या व्यक्तींना प्रतिबंधाची साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी द्यायची. काम करणाऱ्या व्यक्ती. पगार कोणाच्या खात्यातून होतो ते विचारलेलं नाही. माझ्या वाचण्याप्रमाणे वॉर्डात इंजेक्शन देणारी स्टुडंटही यात येते.

सरांनी वाचलं आणि सही केली. एवढंच लागत होतं खरं तर. एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, बाईकवरून वाशीला जाऊन घेऊन आला, बर्फाच्या डब्यात, आणि संध्याकाळी साडेसातला मावशींना इंजेक्शन आणि दुसऱ्या हाताला लस दिली. सतरा तास.

मुलगी आणि मावशी यांची भेट मी घडवून आणली नाही, ती मुलीने स्वतः मागितली. मावशी आधी खूप चिडल्या. "तुम्ही शिकलेल्या पोरी, आम्ही उचलतो म्हणून टाकता का काहीपण?" असं म्हणाल्या आणि त्यांना तो हक्क होता. मुलगी रडली नाही, ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "मावशी, मी घाबरले होते." मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, "तुला पण टोचलं ना? तुझं रक्त तपासलं का?" पुढे त्या दोघी तपासणीला बरोबर यायला लागल्या.

पुढच्या दोन महिन्यांत काय बदललं ते सांगते. फॉर्म बदलला, कारणाचा प्रश्नच काढला, त्याऐवजी किती वाजता, कुठे, कुठली सुई, जवळचा कंटेनर किती लांब होता, एवढंच. विभागप्रमुखांची सही गेली, फॉर्म थेट माझ्याकडे. कॅज्युअल्टीत पीईपीचा पहिला डोस आता कोड, केसपेपर, पैसे काही न विचारता द्यायचा, रजिस्टरमधे फक्त नाव आणि वेळ. इम्युनोग्लोब्युलिन फार्मसीत कायम ठेवायचं ठरलं. प्रत्येक इन्सुलिन ट्रेमधे छोटा शार्प्स कंटेनर, पेशंटच्या बेडपर्यंत जाणारा, म्हणजे रिकॅपचा मोहच नको. चार्टवर इन्सुलिन सिरिंजचं चित्र आलं, बाण थेट पांढऱ्या डब्याकडे, आणि सूचना मराठी-हिंदीत. जाड हातमोजे मजल्यावर. हे सगळं मिळून झालेला खर्च आमच्या एका कॉन्फरन्सच्या जेवणापेक्षा कमी होता, मी अकाउंट्सला विचारून घेतलंय.

आणि रिपोर्ट वाढले. पहिल्या तिमाहीत एवढे फॉर्म आले की डीन ऑफिसमधून फोन आला, तुमच्याकडे सुया टोचण्याचं प्रमाण अचानक वाढलंय, काय चाललंय. मला समजावून सांगावं लागलं की टोचत आधीही होत्याच, आता कळतायत. कचऱ्याच्या नियमात सुई टोचणं मोठ्या अपघातात धरलेलं नाही, त्यामुळे २४ तासांत कळवायची सक्ती नाही, पण दर वर्षी ३० जूनपर्यंत जो वार्षिक अहवाल जातो त्यात या सगळ्या घटना आणि त्यावर काय केलं ते यायला हवं. ज्या हॉस्पिटलच्या अहवालात तिथे शून्य असतं त्याच्यावर माझा तरी विश्वास बसत नाही, एवढ्या सुया रोज वापरून शून्य कसं येईल.

न झालेल्या गोष्टीही लिहायला हव्यात. नर्सिंगच्या मुलींचं टायटर अजून सरसकट सुरू नाही, फक्त टोचल्यावर करतात. एमबीबीएसवाल्यांना २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून पहिल्याच महिन्यात फाउंडेशन कोर्समधे लसीकरण आणि कचऱ्याचं शिकवलं जातं, ते चांगलंच आहे, पण हाउसकीपिंगच्या नव्या माणसाला आजही पहिल्या दिवशी युनिफॉर्म आणि मॉप मिळतो आणि ट्रेनिंग "पुढच्या बॅचला" होतं. नियम सांगतो कामावर घेतानाच आणि मग वर्षातून एकदा तरी. रात्रीचा सुपरवायझर अजूनही फोन उचलत नाही. आणि वर्गात उभं करण्याबद्दल लेखी सर्क्युलर काढा म्हणून मी मागे लागलेय, तोंडी सगळे हो म्हणतात, कागद निघालेला नाही. तोंडी होकार हॉस्टेलच्या गोष्टीपुढे टिकणार नाही, मुली कागद मागतील आणि मागावाच.

मावशींच्या टेस्ट सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांना झाल्या, सगळ्या निगेटिव्ह. मुलीच्याही. मावशींचे लसीचे तीन डोस पूर्ण झालेत, या वेळी कार्ड त्यांच्या हातात दिलंय, कॉन्ट्रॅक्टरच्या फाईलमधे फक्त झेरॉक्स. टायटर अजून बाकी आहे, कारण इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर त्याच्या अँटीबॉडी रक्तातून जाईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर उगीच चांगलं दिसतं. आठव्या महिन्यात करणार आहोत. त्याच सुमाराला हाउसकीपिंगचं टेंडर पुन्हा निघणार आहे. पहिल्या ड्युटीच्या आधी पहिला डोस आणि कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी लसीचं रजिस्टर हॉस्पिटलकडेच, या दोन अटी टेंडरमधे घाला असं पत्र मी कमिटीला दिलंय. मागच्या मिटिंगला वेळ संपला म्हणून तो विषय आला नाही, पुढच्या मिटिंगच्या अजेंड्यावर तो पहिलाच घ्यायला लावलाय.